ओंडक्यांची घरे आणि आगीचे कायदे

नॉर्वेतील बर्गेन बंदराच्या ब्रुगेन या लाकडी वस्तीचा इतिहास कायद्यांच्या आधारे लिहायचा झाल्यास त्याची प्रकरणे आगींच्या सनांनुसार पाडावी लागतील. 1702 च्या आगीत सारी वस्ती भस्मसात झाली आणि जुन्याच आराखड्यावर, आडवे ओंडके एकमेकांवर रचून, कोपऱ्यांत खाचा पाडून ती पुन्हा उभी राहिली. आज आपण पाहतो ती हीच घरे. ओंडक्यांच्या या बांधणीला तिकडे ‘लाफ्ट’ म्हणतात.

या घरांचा पहिला नियम आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. चौदाव्या शतकापासून येथे ठाण मांडलेल्या हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांना राहत्या घरात विस्तव पेटवण्याची मनाई होती. सुक्या कॉड माशांनी भरलेली वखार आणि निजण्याची खोली एकाच छपराखाली. उजेड नाही, ऊब नाही. शेकोटी पेटे ती मागील बाजूच्या स्वतंत्र सभागृहांत. म्हणजे ही वास्तू मुळातच उबेसाठी बांधलेली नव्हती, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

1904 च्या जानेवारीत ओलेसुंद हे शहर जळाले. सुमारे 850 घरे गेली, दहा हजारांच्या आसपास माणसे त्या थंडीत उघड्यावर आली. त्याच वर्षी शहरांत यापुढे विटा-दगडांचेच बांधकाम व्हावे असा कायदा झाला. लाकडी घर या देशात जवळजवळ संशयित ठरले ते तेव्हापासून. ब्रुगेनचा एक भाग तर त्याआधीच पाडून विटांचा करण्यात आला होता. गंमत अशी की विटांच्या त्या इमारतींनाही लाकडी घरांसारखीच त्रिकोणी दर्शनी शिखरे दिली गेली. सामग्री सोडली, आकार सोडवला नाही.

1955 मध्ये उरलेल्या वस्तीचा उत्तरेकडील भाग जळाला आणि बाकीचेही पाडून टाकावे असा सूर उमटला. मात्र त्या राखेखाली आस्ब्यर्न हेर्टाइग यांनी सुरू केलेल्या उत्खननात रूनलिपीतील साडेसहाशेहून अधिक लेख सापडले : मालकीच्या चिठ्ठ्या, हिशेब, प्रेमाचे निरोप, कुणाला घरी यायला सांगणारी एक ओळ. मध्ययुगात सामान्य माणूस लिहीत नव्हता, या समजाला त्यांनी मोठा धक्का दिला. साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावे असे पुढेच आहे. या लेखांची कालनिश्चिती जुन्या आगींच्या थरांवरून झाली. ज्या आगींच्या भयाने कायदे झाले, त्याच या ग्रंथसंग्रहाच्या तारखा ठरल्या!

1979 मध्ये ब्रुगेन जागतिक वारसा यादीत आले. पण वारसा झाला म्हणून दुरुस्ती सोपी होत नाही. आजच्या बांधकाम नियमांचा मुख्य आग्रह उष्णता राखण्याचा आहे. उघड्या ओंडक्यांची भिंत या कसोटीला सहज उतरत नाही. आतून उष्णतारोधक थर लावावा, तर बाहेरचे लाकूड थंड राहते, ओल सुकत नाही आणि कुजण्याची भीती वाढते. म्हणजे नियमाचे अक्षर पाळावे तर वास्तूचा नाश ओढवावा! म्हणूनच नॉर्वेच्या 2017 च्या तांत्रिक नियमावलीत ओंडक्यांच्या भिंतींसाठी वेगळी तरतूद आहे, तिथे जाडी इंचांत मोजली जाते. आणि 2008 च्या कायद्यानुसार जुन्या इमारतीला नवे नियम अवाजवी खर्चाचे ठरत असतील तेथे नगरपालिका सवलत देऊ शकते. माझ्या मते ही सवलत म्हणजे कायद्याची ढिलाई नव्हे. सुतार जे शतकानुशतके जाणत होता, त्याची ती उशिरा दिलेली पोच आहे.

पायाचे मात्र निराळे. आगीने मोकळ्या झालेल्या जागेवर पुढे हॉटेल उभे राहिले, त्याच्या तळघरामुळे भूजल खाली गेले. इतकी शतके पाण्याखाली हवेवाचून टिकलेले लाकूड व मातीचे थर कुजू लागले आणि शेजारची जुनी घरे खचू लागली. अलीकडच्या काळात भूजलपातळी पुन्हा वर आणण्यात आली आहे. वर, सुतार आजही घर उचलून धरतात, कुजलेला तळओंडका काढतात, आणि कुऱ्हाडीने खाच पाडून नवा बसवतात.