मिनपॅक ते सायपाय: जुन्या गणिताचा नवा दुभाष्या

कोसाइन क्ष आणि क्ष एकसमान कधी होतात, हे समीकरण घेऊ. दिसायला साधं, पण बीजगणिताने क्ष एकटा काढता येत नाही. मग आपण एक अंदाज धरतो, किती चुकलं ते बघतो, सुधारतो. कोन रेडियनमध्ये मोजला तर उत्तर ०.७३९ च्या आसपास स्थिरावतं.

ही न्यूटनच्याही आधीपासूनची वाट. पण न्यूटनची रीत, सुरुवातीचा अंदाज लांबचा असला की भलतीकडे उडी मारू शकते. १९७० मध्ये ब्रिटिश गणिती मायकेल पॉवेल यांनी संकरित पद्धत मांडली. आपल्या अंदाजावर जेवढ्या परिसरात भरवसा ठेवता येतो, तेवढंच पाऊल टाकायचं. शिकागोजवळच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत होर्हे मोरे, बर्टन गार्बो आणि केनेथ हिलस्ट्रॉम यांनी या पद्धतीवर आधारलेला प्रोग्रॅम फोरट्रान भाषेत लिहिला. १९८० मध्ये त्याची मार्गदर्शिका निघाली. या लायब्ररीचं नाव मिनपॅक.

पुढे पायथन भाषा आली. २००१ मध्ये ट्रॅव्हिस ऑलिफंट, एरिक जोन्स आणि पेआरू पीटरसन यांनी सायपाय उभं केलं. त्यात समीकरणं सोडवण्यासाठी त्यांनी मिनपॅकच घेतलं आणि त्याभोवती एक आवरण चढवलं. त्याचं नाव एफसॉल्व्ह. वर्षानुवर्षं वापरून तावूनसुलाखून निघालेलं गणित पुन्हा लिहायचं, म्हणजे नव्या चुकांना आमंत्रण.

हे आवरण म्हणजे दुभाष्याच. सायपायमधलं मिनपॅक फोरट्रानमध्ये होतं तेव्हाची त्याची कामं बघा. फोरट्रान कोष्टक स्तंभांनी साठवतं, पायथनमध्ये ते सहसा ओळींनी साठवतात. म्हणजे कोष्टक पालटून द्यावं लागे. दुसरं काम अवघड होतं. समीकरण वापरणाऱ्याने पायथनमध्ये लिहिलेलं असे आणि त्याची किंमत हवी असे फोरट्रानला. म्हणून मध्ये सी भाषेतला कोड उभा राहत असे. तो आकडे इकडून तिकडे नेई, उत्तर परत आणी. पायथनच्या बाजूला मध्येच काही बिघडलं तर? मिनपॅकच्या कर्त्यांनी एक खूण ठेवली होती: ती ऋण केली की काम थांबतं. दुभाष्या हीच खूण वापरतो.

आता खरा प्रश्न. मिनपॅक उत्तराबरोबर एक क्रमांकही देतं. १ म्हणजे जमलं. ४ किंवा ५ म्हणजे प्रगती होत नाहीये. फोरट्रानमध्ये त्या क्रमांकासाठी जागा द्यावीच लागे. एफसॉल्व्ह मात्र, वेगळं मागितलं नाही तर, फक्त आकडे हातात देतं. अपयशाची सूचना पडद्यावर येते खरी, पण पायथनच्या नेहमीच्या रीतीप्रमाणे एकाच ठिकाणची तीच सूचना एकदाच दिसते. हजार वेळा फिरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये शंभर वेळा अपयश आलं, तरी आपल्याला एकच ओळ दिसू शकते. हातात आलेले आकडे तर अगदी उत्तरासारखेच दिसतात!

आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांना इथे न्यायदर्शन आठवतं. नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, पण बोलणारा आप्त असेल तरच. आप्त म्हणजे वस्तू जशी आहे तशी जाणणारा आणि तशीच सांगणारा. मिनपॅक या अर्थाने आप्त आहे. न जमलं तर तेही ते सांगतं. पण आपण त्याचं बोलणं दुभाष्याकडून ऐकतो. दुभाष्याने होकार मोठ्याने आणि नकार हळू आवाजात सांगितला, तर मूळ वक्ता कितीही सच्चा असला तरी आपल्यापर्यंत पोचलेलं ज्ञान अर्धंच.

दुभाष्या खोटं बोलत नाही, हेही लक्षात ठेवू. सोयीसाठी त्याने थोडक्यात सांगितलं, एवढंच. पूर्ण निरोप मागायची सोय त्याने ठेवलेली आहे, ती आपण वापरायची. क्रमांक तपासायचा आणि आलेली किंमत मूळ समीकरणात घालून बघायची. या शेवटच्या पडताळणीला ना फोरट्रान लागतं, ना दुभाष्या.