थांबणारा माग

१९२४ साली जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी एक स्वयंचलित माग पूर्णत्वाला नेला. त्यात ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर धातूची पातळ पट्टी लटकलेली असे. धागा तुटला, की पट्टी खाली पडे आणि माग आपोआप थांबे. त्यामुळे सदोष कापड विणले जात नसे.

टोयोडांच्या कापड उद्योगातून १९४३ मध्ये मोटार कारखान्यात आलेल्या ताइची ओनो यांनी पुढे थांबवण्याचा हा अधिकार कामगाराला दिला. दोष दिसताच काम थांबवायचे आणि मूळ कारण सापडेपर्यंत ‘असे का झाले?’ हे पाच-पाच वेळा विचारायचे. शोध दोषी माणसाचा नव्हे, कारणाचा!

वर्गातले चुकलेले उत्तर हाही तुटलेला धागाच. तेथे आपण थांबलो नाही, तर पुढची सारी वीण सदोष होते.