बोटीमागची लाट

"मामा, तुम्ही मागे डावीकडे बसा. आज तुम्हीच आमचं वजन!"

काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, एका तळ्यावर भाच्याने माझं असं स्वागत केलं. होडीत बसलं की माणसं दोन्ही बाजूंना सारखी बसवायची, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. इथे मात्र सगळी मंडळी मुद्दाम एकीकडे. बोट डावीकडे कलली, निघाली आणि तिच्या मागे जवळजवळ कमरेइतकी गुळगुळीत लाट उभी राहिली. भाचा फळीवर उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने हातातला दोर बोटीत फेकून दिला आणि दोराशिवायच तो आमच्या मागे येत राहिला! या खेळाचं नाव वेक सर्फिंग. वेक म्हणजे चालत्या बोटीमागे उठणारी लाट.

माझं आयुष्य इतिहास शिकवण्यात गेलं. त्यामुळे मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. बोटवाल्यांनी वर्षानुवर्षं जिचा राग राग केला, तिच्याशी ही मैत्री झाली कशी?

ही गोष्ट सुरू होते स्कॉटलंडमध्ये, एका घोड्यापासून. तिथल्या कालव्यांतून घोडे काठाने चालत होड्या ओढत. वेग वाढवला की होडीमागे फेसाळ लाट उठे आणि कालव्याचे काठ ढासळत. म्हणून सगळं कसं सावकाश चाले. ग्लासगोजवळच्या कालव्यावर विल्यम ह्यूस्टन नावाच्या एका मालकाच्या होडीचा घोडा एकदा बुजला आणि होडीसकट उधळला. गंमत अशी की वेग वाढताच मागची लाट नाहीशी झाली आणि होडी हलकी होऊन पळू लागली. ती आपल्याच लाटेच्या माथ्यावर स्वार झाली होती! ह्यूस्टनसाहेब व्यवहारी. त्यांनी 1830 च्या दशकात त्या कालव्यावर प्रवाशांसाठी वेगवान होड्या चालवल्या.

हा किस्सा नोंदवून ठेवला जॉन स्कॉट रसेल या अभियंत्याने. 1834 साली एडिंबराजवळच्या युनियन कालव्यावर एक होडी अचानक थांबलेली त्याने पाहिली. होडी थांबली, पण लाट थांबली नाही. फूट-दीड फूट उंचीचा पाण्याचा तो उंचवटा एकटाच पुढे निघाला. रसेलने घोड्यावरून मैल-दोन मैल त्याचा पाठलाग केला. बोट थांबते, लाट चालत राहते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आता पुन्हा मिनेसोटात येऊ. तिथल्या लेक पेपिनवर 1922 च्या जुलैत राल्फ सॅम्युएलसन नावाचा मुलगा, एकोणीस पूर्ण व्हायला एक दिवस बाकी असताना, बोटीमागे पाण्यावर उभा राहिला. आधी त्याने पिंपाच्या फळ्या बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या पट्ट्या. दोन्ही बुडाल्या. शेवटी आठ फूट लांबीच्या फळ्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून त्याने वर वाकवली. युक्ती साधी होती: टोकं पाण्याबाहेर ठेवायची, अंग मागे रेलायचं आणि बोटीला ओढू द्यायचं. त्याने पेटंट घेतलं नाही. या खेळाचा जनक म्हणून त्याला मान्यता मिळाली ती 1966 मध्ये.

पण वॉटर स्कीइंगच्या या खेळाडूंना मागची लाट नको होती. ती पायाखाली आली की तोल जाई. त्यामुळे 1961 च्या 'स्की नॉटिक'सारख्या बोटींपासून कारागिरांची धडपड एकच होती, लाट सपाट करायची. चक्र उलटं फिरलं ते 1990 च्या दशकात. वेकबोर्डवाल्यांना उड्या मारायला उंच लाट हवी होती, म्हणून ते बोटीत पाण्याच्या मोठाल्या पिशव्या भरू लागले. जहाजाच्या तळात घालतात त्या ओझ्याला आपल्या जुन्या भाषेत नीरम म्हणतात. ते जहाज स्थिर करण्यासाठी असतं. इथे ते लाट वाढवण्यासाठी! हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. सर्फिंगवाल्यांनी हे ओझं एकाच बाजूला सरकवलं. बोट कलली की त्या बाजूची लाट स्वच्छ उठते. 2012 मध्ये मालिबू कंपनीने मागच्या कोपऱ्यावर सरकणारी पट्टी बसवली. ती पाणी वळवते, त्यामुळे बोट कलंडवायची गरज उरली नाही. आमची बोट जुनी, म्हणून मी वजन!

वेग ताशी सोळा ते एकोणीस किलोमीटर. वेग कमी केला तर लाट उभट होते, वाढवला तर लांबट. भाच्याने पहिल्याच दिवशी मला तंत्र समजावलं. पाण्यात उताणं पडायचं, टाचा फळीवर, गुडघे पोटाशी. दोर आपण ओढायचा नाही, बोटीला ओढू द्यायचं. म्हणजे सॅम्युएलसनचाच धडा! उभं राहिल्यावर पुढच्या पायावर भार दिला की वेग वाढतो, मागच्या पायावर दिला की ब्रेक. दोर सैल पडला की समजायचं, आता लाटच आपल्याला ढकलते आहे.

दोन गोष्टींत मात्र चूक चालत नाही. बोटीचा पंखा उघडा मागे नको, तो बोटीच्या पोटाखालीच हवा. आणि बोटीच्या मागच्या फळीला धरून लोंबकळायचं नाही. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने माणसं मेली आहेत. कॅलिफोर्नियात 2005 पासून त्याला कायद्याने बंदी आहे.

त्या दिवशी तळ्याच्या काठी एक आजोबा गळ टाकून बसले होते. आम्ही जवळून गेलो, त्यांनी हात हलवला. भाच्याला वाटलं, कौतुक करताहेत. त्यानेही हात हलवला. मी मागे बसलो होतो, म्हणून मला दिसलं. आमची लाट काठाला पोहोचली होती आणि आजोबांची बांधलेली होडी धक्क्यावर धडाधड आपटत होती.

लाट उंचीने दुप्पट झाली की तिच्यातली शक्ती चौपट होते. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने 2022 मध्ये मोजमाप करून सांगितलं, की अशा बोटींनी काठापासून पाचशे फुटांहून अधिक दूर राहावं. साधी बोट दोनशे फुटांवरून गेली तर काठाला जेवढी लाट पोहोचते, तेवढीच मग यांची पोहोचते. व्हरमाँट राज्याने 2024 मध्ये पाचशे फूट अंतर आणि किमान वीस फूट खोली असा नियमच केला.

मी भाच्याला रसेलची गोष्ट सांगितली. बोट थांबते, लाट चालत राहते. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र बोट सरळ तळ्याच्या मध्यावर नेली. मी आपला मागे डावीकडे, वजन म्हणून.