वऱ्हाडचा पावसाळा आणि शिकारीची बंदूक

गाविलगडावर जुन्या तोफा अजूनहि उघड्यावर पडलेल्या आहेत. १८०३ च्या डिसेंबरांत आर्थर वेलस्लीच्या सैन्यानें हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडून घेतला; त्यानंतर दोनशेंहून अधिक पावसाळे त्या गडावरून गेले. तोफांचा वरचा पदर गंजून गेला, तरी त्यांचें रूप कायम आहे. उलट, त्याच डोंगराखालच्या गांवांत खुंटीला टांगलेली शिकारीची बंदूक तेलावांचून राहिली, तर एकाच पावसाळ्यांत तिच्या नळीला खड्डे पडतात. तोफेची भिंत कित्येक इंच जाडीची. छऱ्याच्या बंदुकीची नळी तोंडाशीं जेमतेम एक मिलिमीटर जाडीची असते. तोफेला जो गंज केवळ रंग चढवितो, तोच बंदुकीचा प्राण घेतो, आणि प्रसंगीं बंदूक धरणाराचाहि.

वऱ्हाडचें हवामान या बाबतींत मोठें फसवें आहे. पावसाचे आंकडे पाहिले, तर अकोल्यास वर्षाकाठीं सुमारें तीस-बत्तीस इंच आणि चिखलदऱ्यास त्याच्या जवळजवळ दुप्पट. कोंकणाच्या मानानें हें कांहींच नव्हे. परंतु येथें वैशाखांत हवा इतकी कोरडी होते कीं, दस्त्याचें लांकूड आकसतें आणि लोखंड व लांकूड यांच्यामध्यें फट पडते. जूनच्या मध्यावर पाऊस सुरू झाला कीं ओल प्रथम त्या फटींत शिरते. हवेंतील आर्द्रता शेंकडा साठाच्या पुढें गेली म्हणजे लोखंड झपाट्यानें गंजूं लागतें. आणि मेळघाटांत तर आषाढ-श्रावणांत धुकें घरांत येतें. पुढें लांकूड फुगून फट मिटते. बाहेरून बंदूक चकचकीत दिसते, आणि दस्त्याखालीं मात्र गंजाचें काम निर्वेध चालूं राहतें.

अकबरानें १५९६ मध्यें वऱ्हाड घेतलें. त्याच्या दरबारांतील बंदुकांची हकीकत अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’त दिली आहे. लोखंडाचा पत्रा तिरकस पिळून, घडीवर घडी बसवून नळी कशी करीत, हें तींत आहेच. शिवाय बैलाच्या बळानें फिरणाऱ्या एका चाकाचें वर्णन आहे. त्या चाकावर सोळा नळ्या एकदम साफ होत! बादशहाला स्वतः अशा यंत्रांत लक्ष घालावेंसें वाटलें, यावरून बंदूक साफ राखणें हें केवढें काम होतें, याची कल्पना येते.

त्याचें कारण दारूंत होतें. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू जळली कीं तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपानें मागें राहतो. त्यांतील पोटॅशचे क्षार हवेंतील पाणी ओढून घेतात. म्हणजे बंदुकीवर पाऊस पडलाच पाहिजे असें नाहीं; झाडलेली बंदूक स्वतःच पाणी गोळा करते. तोड्याच्या बंदुकीचा कान गंजानें किंवा काजळीनें बुजला, तर बाहेरची रंजक भक्कन् पेटे आणि आंतील बार तसाच राही. समोर जखमी रानडुक्कर असतां असें झालें, तर काय होत असेल हें सांगावयास नकोच.

यावर उपाय कढत पाण्याचा. हें ऐकून नवशिक्याला आश्चर्य वाटतें. ज्याच्यापासून वांचवावयाचें तेंच नळींत ओतावयाचें! परंतु क्षार पाण्यांतच विरघळतात, तेलांत नाहीं. पाणी कढत असलें कीं नळी तापते आणि आपल्याच उष्णतेनें कोरडी होते. मग गजाला चिंधी गुंडाळून आंतून तेल फिरवावयाचें. तेलांतहि विवेक लागतो. वऱ्हाडांत पूर्वी जवस पुष्कळ पिकत असे. दस्त्याच्या लांकडाला जवसाच्या तेलासारखें दुसरें कांहीं नाहीं. तेंच तेल चापाच्या यंत्रांत घातलें कीं हवेनें वाळून डिंकासारखें चिकटतें आणि घोडा अडतो. तेथें खनिज तेलच हवें.

एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास, हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. तें दल १९०३ मध्यें हिंदुस्थानी सैन्यांत विलीन झालें. साहेब लोकांबरोबर काडतुसाच्या बंदुका आल्या, पुढें बिनधुराची दारूहि आली. ही दारू मागें फारसा मळ ठेवीत नाहीं, म्हणून तेलाचा हात फिरविला कीं पुरे, असा समज झाला. तरीहि नळ्या दोन-तीन दिवसांत गंजत. दोष नव्या दारूला दिला गेला. खरा अपराधी काडतुसाच्या टोपींतील पोटॅशियम क्लोरेट होता. तो जळून जो क्षार उरतो, तो मिठाचाच भाऊबंद. तेलाच्या थराखालींहि तो लोखंड खातो. विल्बर्ट हफ या शास्त्रज्ञानें १९२२ मध्यें अमेरिकेच्या खाणखात्याच्या निबंधांत हें सिद्ध केलें. म्हणजे नव्या काडतुसाच्या धन्यालाहि जुन्या तोडेवाल्याचें कढत पाणी सोडतां येत नव्हतें. न गंजविणाऱ्या टोप्या १९३० च्या आधींच्या चार-पांच वर्षांत निघाल्या, तेव्हां कोठें हा प्रश्न सुटूं लागला.

शेतकऱ्याची गोष्ट निराळी. हौशी शिकारी उन्हाळ्यांत मेळघाटांत जात आणि पावसाळ्यांत बंदूक पेटींत ठेवीत. चामड्याच्या पेटींत ठेवीत हीहि चूकच, कारण चामडें ओल धरतें. पण ज्वारीच्या राखणीला माचाणावर बसणाराची बंदूक ऐन भाद्रपदांत बाहेर असे. आंत पाणी जाऊं नये म्हणून नळीच्या तोंडांत बोळा बसविण्याचा मोह त्याला होई. वऱ्हाडांत कापसाला तोटा नाहीं. हा बोळा आंतली ओल कोंडतो, आणि विसरून चाप ओढला तर नळी फुटते. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें बंदूक परवान्यावर आली. १९५९ च्या कायद्यांत पीकरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे, म्हणजे काळी दारू आणि तिचा क्षार यांचा संसार तेव्हांहि संपला नव्हता.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकारीचा काळ संपविला. १९७४ मध्यें मेळघाट हें वाघांसाठीं राखीव क्षेत्र झालें. हें योग्यच झालें. जुन्या घरांतून आतां ज्या बंदुका उरल्या आहेत, त्यांना गंजाइतकेंच भय उत्साही वारसांचें आहे. पिळाच्या नळीवरचा तपकिरी रंग हा मुळांत कारागिरानें बेतानें चढविलेला गंजच असतो. त्यावरच पिळाची नक्षी उठते. ती मळ समजून कांचकागदानें घांसली कीं नक्षी जाते, कारागिराचा शिक्का जातो, आणि ती नळी कोणत्या हातची व कोणत्या काळची, हें सांगणारें दुसरें कांहींच बहुधा घरांत नसतें.