कुळ, गोत्र आणि कुत्रं

"बाबा, लॅब्राडोर आणूया ना!" आमच्या लंडनच्या घरात दोन वर्षं हे तुणतुणं चालू होतं. शेवटी मी हरलो. पण आम्ही पडलो इंजिनिअर, साधा स्क्रू आणायचा तरी आधी माहितीपत्रक वाचणार. लगेच तक्ता केला. जात, आकार, केस गळणं, व्यायाम, आजार, किंमत. बायको म्हणाली, "कुत्रं आणतोयस की पोरीला स्थळ बघतोयस?"

तिनं थट्टा केली खरी, पण त्यातल्या 'जात' या रकान्यानं मला थेट इतिहासात नेऊन सोडलं.

राखणीचा, शिकारीचा, मेंढरांमागचा असे कुत्र्यांचे प्रकार फार पूर्वीपासून आहेत. पण ते कामावरून. कान एवढेच हवेत, रंग असाच हवा, आई-बापांची वंशावळ कागदावर हवी, हे बरंचसं व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं खूळ. जून १८५९ मध्ये न्यूकॅसलला एक प्रदर्शन भरलं. आधुनिक श्वानप्रदर्शनांची सुरुवात तिथून मानतात. पॉइंटर आणि सेटर या दोनच शिकारी जातींना प्रवेश, आणि बक्षीस काय, तर बंदूक! १८७३ मध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी वंशावळींची पोथीही निघाली.

गंमत पुढेच आहे. न्यूकॅसलच्या दुसऱ्याच वर्षी, १८६० मध्ये, मेरी टील्बी नावाच्या बाईंनी लंडनच्या हॉलोवे भागात हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी निवारा उघडला. टाइम्सनं त्यांची यथेच्छ टिंगल केली. माणसं उपाशी असताना कुत्र्यांना कसलं घर, हा नेहमीचा सवाल. १८६२ मध्ये तिथून जवळच, इझलिंग्टनच्या भल्यामोठ्या ॲग्रिकल्चरल हॉलमध्ये जातिवंत कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं. तेव्हा डिकन्सच्या साप्ताहिकात एक लेख आला. त्यात ही दोन्ही 'प्रदर्शनं' शेजारी शेजारी ठेवली होती. एकीकडे उशांवर लोळणारे मानकरी, दुसरीकडे कुणी ओळखेल म्हणून दाराकडे डोळे लावून बसलेले बेवारस.

तो हॉल अजून उभा आहे. एका रविवारी मी तिथून हॉलोवेपर्यंत चालत गेलो. जेमतेम अर्धा तास लागला. मेरीबाई १८६५ मध्येच गेल्या. त्यांचा निवारा १८७१ मध्ये बॅटरसीला हलला आणि आजही चालू आहे.

कुळाच्या या हौसेची किंमत कुत्र्यांनी मोजली. २००८ मध्ये बीबीसीवर एक माहितीपट आला. त्यात कॅव्हेलियर जातीचे वेदनेनं कळवळणारे कुत्रे दाखवले होते. मेंदूला कवटी अपुरी पडते, म्हणून या वेदना. मोठा गदारोळ झाला. आपल्याकडे सगोत्र निघालं म्हणून ठरत आलेली सोयरीक मोडते, आणि इथे सख्ख्या भावंडांच्या पिल्लांची नोंदणी केनेल क्लबनं थांबवली ती २००९ मध्ये!

बरं, जातीवरून स्वभाव तरी कळतो का? २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास छापून आला. एकेका कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम नऊ टक्के जातीमुळे. आकार, केस, काही आजार जातीवरून सांगता येतात. पण तुमच्या घरात कोण रमेल, ते त्या कुत्र्यालाच भेटून ठरवावं लागतं.

म्हणून आम्ही एका निवारा केंद्रात गेलो. तिथे आमचीच परीक्षा झाली. घरी कोण किती तास असतं? कुंपण किती उंच? एक बाई घर बघायलाही आल्या. पोहे करायचेच काय ते बाकी होते. मग त्यांनी एक तपकिरी, एक कान उभा आणि एक पडलेला असा सहा-सात वर्षांचा गडी दाखवला. मालक वृद्धाश्रमात गेले होते. "याला एकटं सोडलं की हा रडतो," त्यांनी स्पष्ट सांगितलं. माझ्या तक्त्यात हा रकानाच नव्हता.

मला आमच्या डोंबिवलीच्या चाळीतला मोत्या आठवला. तो कुणाचाच नव्हता, म्हणून सगळ्यांचा होता. एक दिवस गाडी आली आणि त्याला उचलून घेऊन गेली. सगळ्यांचा होता, पण "हा आमचा" म्हणायला कुणीच पुढे झालं नाही. मीही नाही. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो.

लेकीकडे पाहिलं. लॅब्राडोरचा हट्ट धरणारी ती, केव्हाच जमिनीवर बसून त्याचा पडलेला कान उभा करत होती. मी साहेबांशी बोलून आठवड्याचे तीन दिवस घरून काम मागून घेतलं. बाकीचे दोन बायकोनं वाटून घेतले.

आता तो माझ्या पायाशी घोरतोय. परवा आईचा फोन आला होता. "कुत्रं आणलंत म्हणे. कुठल्या जातीचं रे?"

म्हटलं, "आई, आपल्यातलंच आहे."