सोडलेल्या जिवाणूचं पुढे काय होतं?

24 एप्रिल 1987. कॅलिफोर्नियातलं ब्रेंटवूड, स्ट्रॉबेरीचं शेत. नखशिखान्त पांढरा पोशाख आणि तोंडावर मास्क चढवून एक शास्त्रज्ञ बाई हातपंपाने फवारणी करताहेत. छायाचित्रकार मात्र साध्या कपड्यांत. आदल्या रात्री कुणीतरी शेतात घुसून रोपं उपटली होती, ती पुन्हा लावावी लागली. पंपात होता स्यूडोमोनस सिरिंगी, पानांवर एरवीही सापडणारा जिवाणू. त्याच्या आवरणावरच्या एका प्रथिनाशी पाण्याचे रेणू रांगेत बसतात आणि उणे 2 ते उणे 5 अंशांतच पानावर बर्फ धरतो. ते प्रथिन नसेल तर पाणी त्याहून गार होऊनही पातळच राहू शकतं. बर्कलीच्या स्टीव्हन लिंडो यांच्या कामातून त्या प्रथिनाचं जनुक काढलेला जिवाणू तयार झाला. म्हणजे नवं काही घातलं नव्हतं, होतं तेच वजा केलं. तरी फवारणीला 1983 साली मिळालेल्या पहिल्या मंजुरीनंतर कोर्टकचेरीत आणि नव्या परवानग्यांत चार वर्षं गेली.

फवारणीविरुद्धच्या त्या आरडाओरड्यातला एक प्रश्न मला अजून मोलाचा वाटतो. हाच जिवाणू वाऱ्याबरोबर ढगांत पोचतो, तिथेही बर्फाचे कण धरायला हातभार लावतो. मग पानांवरून त्याला हटवलं तर पावसाचं काय? फवारलेले जिवाणू शेताबाहेर फारसे गेले नाहीत, हे खरं. पण एका शेतावरून ढगांचं भाकीत कसं करणार?

हरभऱ्याच्या बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालवलेलं रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करणारा जिवाणू, चोळून ते सावलीत सुकवणाऱ्या शेतकऱ्याला दुसरी बाजू ठाऊक असते. पाकिटातला जिवाणू मातीत गेला म्हणजे टिकला, असं नाही. तिथले जुने रहिवासी मुळांवरच्या गाठी आधीच बळकावून बसतात. अमेरिकेत 1997 साली लसूणघासासाठी मंजूर झालेल्या, जनुकबदल केलेल्या रायझोबियमलाही याच गर्दीतून वाट काढायची होती. प्रयोगशाळेतला पैलवान मातीत बहुधा उपाशी मरतो. त्याचं जनुक मात्र शेजाऱ्याच्या अंगात शिरू शकतं, आणि मेलेल्यांची मोजदाद करून ते कळत नाही.

‘धोका आहे की नाही?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, कोणता जिवाणू आणि कुठल्या मातीत? विज्ञान दहावीला सुटलं असलं तरी या विषयावरचं वाचायला या. त्यातली सूत्रं पहिल्या वाचनात खुशाल गाळा. मातीच्या ओलाव्याचे तक्ते मात्र गाळू नका. कंटाळवाणे आहेत, पण जिवाणू जगला की मेला ते बऱ्याचदा तिथेच ठरलेलं असतं.