वसा आणि पोस्ट : हस्तांतरित होणाऱ्या संहितेचा इतिहास

१

संहिता कशी रचली जाते आणि ती कशी वाचली जाते, या दोन प्रश्नांचा मराठी समीक्षेने पुष्कळ विचार केला आहे. या दोहोंच्या मध्ये असणारा तिसरा प्रश्न मात्र बहुधा समाजशास्त्राकडे सोपविला गेला : ऐकलेली वा वाचलेली संहिता माणूस दुसऱ्याच्या हाती का देतो? सर्व चांगल्या संहिता हातोहात जात नाहीत आणि हातोहात जाणाऱ्या सर्वच संहिता चांगल्या नसतात. तेव्हा हस्तांतरणक्षमता हा रचनेचा एक स्वतंत्र गुण मानावा लागतो. समाजमाध्यमांवरील ‘पोस्ट’मुळे हा गुण आज सर्वांच्या नजरेत आला आहे, त्याचा इतिहास मात्र मराठीत फार जुना आहे.

हा इतिहास पाहण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुका सोयीचा ठरतो. सातपुड्याच्या पायथ्याचा हा प्रदेश. उत्तरेला मध्य प्रदेशाची सीमा, दक्षिणेला शेगाव, पूर्वेला अकोला जिल्ह्यातला तेल्हारा. मुख्य बोली वऱ्हाडी. डोंगराकडच्या वस्त्यांत कोरकूही कानी पडते. येथील संहिता दीर्घकाळ छापखान्यापेक्षा पारायण, भजनी मंडळ, बाजार आणि दारी येणारा भिक्षेकरी यांच्या आधाराने फिरत आल्या. आता त्याच गावांतील माणसांच्या हातात भ्रमणध्वनी आहे. कापसाचे भाव, निधनवार्ता, पावसाचा अंदाज, सकाळचा सुविचार आणि एखादी भयंकर चित्रफीत, हे सारे एकाच पडद्यावर एकाखाली एक येते. जुन्या वाटेवरून नवी संहिता चालू लागली, तेव्हा वाटेच्या रीतींपैकी तिने काय उचलले आणि काय टाकले, हा येथे विचाराचा विषय आहे.

२

आपल्या प्रसाराची सोय स्वतःच्या रचनेत करून ठेवणारा सर्वांत ठळक मराठी प्रकार म्हणजे व्रताची कहाणी. आदित्यराणूबाईच्या कहाणीत ब्राह्मण आपल्या दोन मुलींच्या घरी जातो. राणी झालेल्या मुलीला कहाणी ऐकायला सवड नसते. तिच्या घरी दारिद्र्य येते. प्रधानाच्या घरी दिलेली मुलगी कहाणी ऐकते. तिची भरभराट होते. पुढे राणीला आपली चूक कळते आणि परतीच्या वाटेवर ती मोळीविक्या, माळी, म्हातारी अशा भेटेल त्याला कहाणी सांगत जाते. सांगताना ती सहा मोत्ये घेते. तीन ऐकणाऱ्याला देते, तीन स्वतःजवळ ठेवते.

ही सहा मोत्ये म्हणजे कहाणीच्या प्रसारशास्त्राचे सूत्रच होय. ऐकणाऱ्याला मिळतो तेवढाच वाटा सांगणाऱ्याकडे उरतो. देण्याने सांगणारा रिता होत नाही. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९२५ साली दानाविषयीच्या आपल्या निबंधात देणे, घेणे आणि परत करणे ही तीन बंधने सांगितली. कहाणीत ती तिन्ही आहेत. मात्र परतफेड देणाऱ्याकडे न येता पुढच्या श्रोत्याकडे जाते. शिवाय कहाणीच्या कथानकातच कहाणी सांगितली जात असल्याने श्रोत्री जे ऐकते तेच उद्या तिला करावयाचे असते.

या बंधनाचे नाव ‘वसा’. तो घेताना नियम विचारावा लागतो, पाळावा लागतो आणि त्याचे उद्यापनही करावे लागते. कहाणीच्या समाप्तीच्या ठरीव वाक्यात ‘उत्तरां’ची गणना येते. साठांची कहाणी पाचांत आटोपल्याचे ते सांगते. तेथे उत्तर म्हणजे बोल, वचन. संक्षेप हा हस्तांतरणाचा पहिला नियम असल्याची जाण त्या वाक्यात आहे. परंतु उत्तर या शब्दाचा दुसरा अर्थही त्या परिस्थितीत जागा असतो : सांगणारी समोर बसलेली असते आणि तिला उलट प्रश्न विचारता येतो.

३

कहाणीतील लाभ-हानीची ही योजना पोथ्यांत फलश्रुतीच्या रूपाने स्थिरावली. संग्रामपूरच्या परिसराला सर्वांत जवळचे उदाहरण दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’चे. १९३९ साली रचलेल्या या एकवीस अध्यायांच्या ओवीबद्ध ग्रंथाची पारायणे वऱ्हाडात घरोघर होतात. ग्रंथ वाचल्याने काय लाभते हे ग्रंथच अखेरीस सांगतो. मात्र हे फळ संपूर्ण पारायणाच्या शेवटी येते. एकवीस अध्यायांचा वेळ दिल्यावाचून फलश्रुतीपर्यंत पोहोचता येत नाही.

हे कष्ट वगळून केवळ फलश्रुती पुढे पाठविण्याचा प्रकार टपालाने शक्य केला. १ जुलै १८७९ रोजी हिंदुस्थानात एका पैशाचे पोस्टकार्ड सुरू झाले. पुढे त्याच कार्डावर साखळीपत्रे फिरू लागली : अमुक प्रती लिहून पाठविल्यास लाभ, पत्र फाडल्यास हानी. १९७५ सालच्या ‘जय संतोषी माँ’ या चित्रपटाने संतोषी मातेला घरोघर नेले, तेव्हा तिच्या नावाची पत्रेही पोस्टमनच्या झोळीत दिसू लागली. या पत्रात कथा जवळजवळ नसतेच. तिच्या जागी प्रसाराची आज्ञा आलेली असते, आणि पाठविणाऱ्याचे नावही गळालेले असते. आज ‘अकरा जणांना पाठवा’ असे सांगणारा संदेश हा या पोस्टकार्डाचा थेट वारस आहे. फरक श्रमाचा आहे. अकरा कार्डे हाताने लिहिताना निदान अकरा वेळा तो मजकूर डोळ्यांखालून जात असे; आता तो एकदाही न वाचता पाठविता येतो.

४

हस्तांतरणात संहितेचा कर्ता कोण, हा प्रश्न येथेच उपस्थित होतो. रोलां बार्त याने १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. मराठी परंपरेत लेखक असा एकाएकी मेला नाही. तो नाममुद्रेत विरघळत गेला. नामदेवांच्या मुद्रेने अनेकांनी अभंग रचले. तुकारामांची गाथा ‘इंदुप्रकाश’ छापखान्यातून १८६९ व १८७३ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाली. तीत साडेचार हजारांहून अधिक अभंग आले, आणि त्यांतील तुकोबांचे किती हा वाद तेव्हापासून चालू आहे. उलट एकनाथांनी शके १५०६ म्हणजे १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कोणी आपली ओवी मिसळू नये असे बजावले. महानुभावांनी तर त्याहून पुढचे टोक गाठले. ज्या पंथाच्या ‘लीळाचरित्रा’त लोणार, मेहकर ही याच जिल्ह्यातील गावे येतात, त्या पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. पसरणारी संहिता, जपलेली संहिता आणि लपविलेली संहिता, अशा तिन्ही भूमिका मराठीच्या पहिल्या काही शतकांतच घेऊन झाल्या होत्या.

आज पु. ल. देशपांडे, कुसुमाग्रज वा व. पु. काळे यांच्या नावावर त्यांनी कधीही न लिहिलेला मजकूर फिरतो. कुसुमाग्रज १९९९ साली, पु. ल. २००० साली आणि व. पु. २००१ साली निवर्तले; व्हॉट्सॲप २००९ सालचे. या खोट्या स्वाक्षरीला नाममुद्रेची आधुनिक आवृत्ती म्हणण्याचा मोह होतो, परंतु ते साम्य वरवरचे आहे. तुक्याच्या मुद्रेने अभंग म्हणणारा टाळकरी त्या मुद्रेखाली स्वतः उभा राहतो, विचाराला बांधील होतो आणि चुकल्यास शेजारचा टाळकरी त्याला सावरतो. व्हॉट्सॲपवरील खोटे नाव हे मालावरचे छापील लेबल आहे. ते पाठविणाऱ्याला बांधीत नाही. उलट मजकुराची जबाबदारी एका दिवंगत लेखकाकडे ढकलून त्याला मोकळे करते.

५

कोणता भाव लवकर पसरतो, याचा अभ्यास अलीकडे संख्येच्या आधारे झाला आहे. योना बर्गर आणि कॅथरीन मिल्कमन यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या सुमारे सात हजार लेखांचा अभ्यास करून २०१२ साली दाखविले की विस्मय, संताप आणि चिंता उत्पन्न करणारे लेख अधिक पुढे पाठविले जातात, तर विषाद उत्पन्न करणारे कमी. भरताच्या परिभाषेत सांगावयाचे तर अद्भुत, रौद्र आणि भयानक प्रवासी रस ठरतात. करुण जागीच बसतो. २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या व्होसोगी, रॉय व अराल यांच्या अभ्यासात ट्विटरवरील सुमारे एक लाख सव्वीस हजार वार्ता तपासल्या होत्या. खोटी वार्ता खरीपेक्षा पुढे पाठविली जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी अधिक आढळली, आणि तिच्या मुळाशी नावीन्य व आश्चर्य असल्याचे सूचित झाले.

हे निष्कर्ष मराठी अनुभवाशी ताडून पाहिले पाहिजेत, कारण जात्यावरची ओवी त्यांना अपवाद ठरते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत माहेरची ओढ, सासुरवास, गेलेल्या मुलाचे दुःख असा करुणाचा मोठा भाग आहे, आणि तरीही त्या पिढ्यान्‌पिढ्या एका कंठातून दुसऱ्या कंठात गेल्या. दोघी बायका एकाच जात्याचा खुंटा धरून बसतात. एकीची ओवी संपते तेथे दुसरीची सुरू होते. दुःख पुढे देण्यासाठी समोरच्या माणसाचा हात त्याच कामात लागतो. तेव्हा एखादा रस स्वभावतःच प्रवासी नसतो. ज्या परिस्थितीत संहिता दिली जाते, ती परिस्थिती त्याला चालवते किंवा अडवते. एकट्या माणसाच्या हातातील पडदा भय आणि संताप लवकर वाहतो. दोघींचे जाते करुण वाहते.

६

परिस्थितीवाचून धावणाऱ्या संहितेचे टोक महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, बाजाराच्या दिवशी, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते. अशा मृत्यूंनी त्या वर्षी देश हादरला होता. त्या काळात फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मूळची कराचीतील बालसुरक्षेची जाहिरात होती. तिच्या अखेरीस पळवून नेलेले मूल परत आणून सोडले जाते आणि पालकांना सावधगिरीचा संदेश दिला जातो. फिरलेल्या चित्रफितीतून हा शेवट कापलेला होता. कहाणीचा वसा काढून टाकून केवळ तिचे भय पुढे धाडावे, तसा हा प्रकार. जुलै २०१८मध्येच व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठविता येईल अशी मर्यादा घातली.

साहित्याच्या अभ्यासकाने या घटनेत आणखी एक गोष्ट पाहावयास हवी. डवर वाजवीत, नाथांची गाणी म्हणत गावोगाव भिक्षा मागणारे हे लोक मौखिक संहितेचे परंपरागत वाहक होते. अनोळखी गावात, अनोळखी दारात उभे राहून गाणे देणे आणि मूठभर धान्य घेणे हा त्यांचा व्यवहार. नव्या वाहनावर आरूढ झालेल्या निनावी संहितेने जुन्या संहितेचे वाहकच मारले. अनोळखी माणसाच्या तोंडून आलेले ऐकून घेण्याची गावाची सवय त्याआधीच मोडली होती. राईनपाड्यात तिचा हिशेब झाला.

संग्रामपूरच्या शेजारची घटना एवढी भीषण नाही, पण तिचा धडा त्याच जातीचा आहे. डिसेंबर २०२४च्या अखेरीस व जानेवारी २०२५मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी गावांत माणसांचे केस अल्पावधीत गळू लागले. समाजमाध्यमांवर लगोलग ‘टक्कल व्हायरस’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. रचना म्हणून तो अत्यंत यशस्वी आहे. त्यातला एक शब्द घरगुती आणि चेष्टेचा, दुसरा परका आणि महासाथीच्या आठवणीने भारलेला. हसू आणि धास्ती दोन शब्दांत शेजारी बसली, आणि पुढे पाठविणाऱ्याला त्या दोन्ही भावना फुकट मिळाल्या. फेब्रुवारी २०२५मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील सेलेनियमच्या वाढलेल्या प्रमाणाकडे लक्ष वेधले. रोग संसर्गाचा नसून अन्नाचा असेल, तर प्रश्न धान्याच्या पुरवठ्याचा होतो आणि त्याचे उत्तर कोणाला तरी द्यावे लागते. ‘सेलेनियम’ हा शब्द मात्र ‘टक्कल व्हायरस’च्या वेगाने धावू शकला नाही, त्यात ना हसू होते, ना धास्ती. चुकीच्या नावाने गावे ओळखली गेली, आणि ज्या प्रश्नाची तड लागावयास हवी होती तो मागे राहिला.

७

यावरून हस्तांतरणक्षम रचनेचे नियम सांगता येतात, आणि ते सर्व जुनेच आहेत : साठांचे पाचांत आणणारा संक्षेप, घेणाऱ्याला स्वतःचे काही सापडेल अशी मोकळी जागा, देणाऱ्याच्या पदरी उरणारी तीन मोत्ये, परिचित आणि अपरिचित यांची शेजारमांडणी, आणि पुढे देण्याचे कारण सांगणारा शेवट. यशस्वी पोस्ट लिहिणारा हे नियम जाणता-अजाणता पाळतो. परंपरेत मात्र या नियमांसोबत आणखी एक गोष्ट येत असे : सांगणाऱ्याचा चेहरा. कहाणी सांगणारी शेजारीण, मुद्रेखाली उभा असलेला टाळकरी, खुंट्याचा दुसरा हात, पोस्टकार्डाचे अक्षर ओळखू येणारा नातलग, या प्रत्येकाला परत प्रश्न करता येत असे. संहितेचा वेग त्यामुळे कमी होता, आणि तिची सत्यता त्या मंदपणावर बरीचशी अवलंबून होती.

वेग कमी करणे आज कोणाच्या हाती नाही. चेहरा परत आणणे मात्र अजूनही रचनेच्या कक्षेत आहे. गावाचे नाव, तारीख, पाहणाऱ्याचे नाव आणि न कापलेला शेवट घेऊन निघालेली पोस्ट कदाचित हजारांपर्यंत जाणार नाही. तरी ज्यांच्यापर्यंत जाईल त्यांना तिला उलट विचारता येईल. डवरी गोसावी दारात येई तेव्हा आधी डवर वाजे, मग गाणे होई आणि मग तो थांबे. घरातल्याने मूठ भरून द्यावी किंवा पुढे जा म्हणावे, यासाठी तो थांबण्याचा क्षण असे. मराठीतील हस्तांतरित संहितेचे सारे नीतिशास्त्र त्या थांबण्यात होते.